कडकनाथची अंडी, गावरान आई

इंदूरच्या कडेला, राऊ-महूच्या बाजूला, ज्यांच्या मागच्या अंगणात चार कोंबड्या आहेत त्यांना आज ना उद्या काळी कडकनाथ हवीशी वाटतेच. झाबुआ इथून दीडशे किलोमीटरवर. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून नावही मोठं आणि भावही. एक कोंबडा आणि सहा तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, आणल्या जातात. वयात आल्या की अंडी सुरू होतात, आणि मग घरात रोज एकच चर्चा: अंड्यांवर बसेल कधी? फेब्रुवारी जातो, मार्च जातो. अंडी येत राहतात, बसत कोणीच नाही.

बसणारही नाही. कडकनाथ ही जात रवणीला, म्हणजे अंडी उबवून पिल्लं काढायला, कच्ची म्हणूनच ओळखली जाते. एखादी खुडूक होते, म्हणजे अंडी देणं थांबवून उबवायच्या ओढीनं घरटं धरते, आठ-दहा दिवस नेटानं बसते आणि मध्येच उठून चालू लागते. ते तर न बसण्यापेक्षा वाईट, कारण तोवर अंड्यांत जीव धरलेला असतो. म्हणून कडकनाथच्या मागे लागणं सोडा आणि एक साधी गावरान कोंबडी शोधा. अंडी काळ्यांची, ऊब तिची.

गावरान म्हणजे सव्वा ते दीड किलोची, वर्षाला पन्नास-साठच अंडी देणारी, बारा-पंधरा अंड्यांचा एक डाव झाला की आपसूक खुडूक होणारी. कमी अंड्यांसाठी तिला नावं ठेवतात, पण तिचा हाच स्वभाव आपल्याला हवा आहे. फार्मवरच्या पांढऱ्या लेगहॉर्नकडून अपेक्षा करू नका. जास्त अंड्यांसाठी निवड करता करता तिच्यातला बसायचा गुण पार काढून टाकलेला आहे. वनराजा, ग्रामप्रिया या सुधारित जातीही क्वचितच बसतात. असील मात्र जबरदस्त आई, मुंगसाच्याही अंगावर जाते. पण अडीच-तीन किलोचं धूड कडकनाथच्या लहान अंड्यांवर बसलं की एखाद-दुसरं फुटतंच. कोंबडी हाटातून घेणार असाल तर दीड ते तीन वर्षांची घ्या आणि विकणाऱ्याला एवढंच विचारा की हिनं पिल्लं काढली आहेत का. एकदा काढलेली दुसऱ्यांदा काढते. पहिलटकरीण अर्ध्यात उठण्याची भीती असते.

अंगात येतं म्हणजे काय होतं

अंडी देत असताना कोंबडीचं पोट रोज घरट्यातल्या अंड्यांना लागतं. त्या स्पर्शानं, घरट्यात घालवलेल्या वेळेनं आणि लांबत जाणाऱ्या दिवसानं तिच्या अंगात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं. ते वाढलं की अंडी बंद होतात, पोटाखालची पिसं गळतात, तिथली कातडी उघडी आणि गरम होते, आणि ती उठेनाशी होते. दिवस लांबवणं आपल्या हातात नाही, पण स्पर्श आहे. अंडं रोज सकाळी उचलून नेलं तर तिच्या पोटाखाली ढीग कधी जमतच नाही, आणि ती बापडी देतच राहते.

तेव्हा ढीग जमू द्यायचा, पण खऱ्या अंड्यांचा नाही. खरी अंडी पंधरा दिवस घरट्यात पडली तर शिळी होतात, उंदीर नेतात, आणि उन्हाळा असेल तर अर्धवट उबून सडतात. त्याऐवजी खोटी अंडी ठेवायची. सगळ्यात सोपी कृती अशी: स्वयंपाकातलं अंडं फोडताना एका टोकाला वाटाण्याएवढं भोक पाडून आतलं ओतून घ्या, कवच धुऊन उन्हात वाळवा, आणि त्यात प्लास्टर ऑफ पॅरिस डोशाच्या पिठाइतकं घट्ट कालवून नरसाळ्यानं भरा. अर्ध्या तासात घट्ट होतं. कवच काढू नका, आकार आणि रंग त्यामुळेच खरा वाटतो. गोल्फचा चेंडूही चालतो. पिंगपाँगचा नाही, तो इतका हलका असतो की कोंबडीच्या पायानं घरट्याबाहेर उडतो. उकडलेलं अंडं ठेवायचा सल्ला देणारे भेटतील. चार दिवसांनी त्याचा वास सुटला की सल्ला देणारा नेमका गावाला गेलेला असतो.

सुरुवातीला अशी चार ठेवा. तिनं खरं अंडं दिलं की संध्याकाळी ते काढा आणि एक खोटं वाढवा. सात-आठपर्यंत ढीग गेला की वाट बघायची.

बाकी गोष्टी जोडीला लागतात. कोंबडी अंगानं भरलेली हवी. रोड कोंबडी बसत नाही, बसली तर मधेच उठते, कारण तीन आठवडे तिला अंगातल्या चरबीवर काढायचे असतात. छातीवरून बोट फिरवा. मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं लागलं तर महिनाभर तरी मका, ज्वारी आणि थोडी शेंगदाण्याची पेंड चालू द्या. आजूबाजूला दुसरी खुडूक कोंबडी कलकलत असेल, पिल्लांचा आवाज येत असेल तर उरलेल्यांनाही ती लागण होते, हे खरं आहे. पण अनिच्छेनं बसणाऱ्या कोंबडीला डालग्याखाली अंड्यांवर कोंडून ठेवण्याचा उद्योग करू नका. मनानं आधीच अर्धी बसलेली असेल तर ती दोन दिवसांच्या अंधारानं पूर्ण बसते. नसेल तर अंडी तुडवते, त्यांच्यावर हगते, आणि सुटल्यावर महिनाभर त्या घरट्याकडे फिरकत नाही.

घरटं

इथे बहुतेकांचं चुकतं, म्हणून जरा तपशिलात सांगते.

बाजारात मिळणारी बांबूची टोकनी घ्या, ३५ ते ४० सेंटिमीटर रुंद, १५-२० सेंटिमीटर खोल. प्लास्टिकची टब नको, खालून हवा खेळत नाही आणि ओल धरते. तळाला पाच सेंटिमीटर माती. आपल्या माळव्याची काळी माती नुसती घातली तर वाळताना भेगाळते, दगडासारखी ढेकळं होतात आणि त्यावर अंडं तडकतं. म्हणून निम्मी माती, निम्मी चाळलेली वाळू, वर दोन मुठी चुलीची राख. किंचित दमट असताना मुठीनं दाबून मधोमध खळगा करायचा, सूपच्या वाटीसारखा नव्हे तर खोलगट ताटलीसारखा. खळगा खोल झाला तर अंडी एकावर एक चढतात आणि खालची दबून फुटतात. सपाट राहिला तर कडेची अंडी बाहेर घरंगळून गार पडतात. हातानं एक अंडं कडेला ठेवून सोडा. ते सावकाश मध्याकडे आलं पाहिजे. धावत आलं तर उतार जास्त.

वर अंथरूण. इथे गव्हाचा भूसा मुबलक मिळतो, पण मशीननं बारीक झालेला भूसा निसरडा असतो. कोंबडीनं दोनदा कूस बदलली की तो सगळा कडेला जातो आणि अंडी मातीवर येतात, शिवाय धूळ उडते. सोयाबीनचं काड टोचतं. सुकं गवत किंवा भाताचा पेंढा हातानं चुरगाळून पाच-सात सेंटिमीटर थर द्या. बुरशीचा जराही वास असेल तर ते गवत वापरू नका, बुरशीनं पिल्लांच्या फुप्फुसांना होणाऱ्या आजाराला औषध नाही. गवताखाली कडुलिंबाचा पाला घाला, उवा-किड्यांचा त्रास कमी होतो.

टोकनी जमिनीलगत ठेवा, उंच फळीवर नको. कोपरा, तीन बाजूंनी पोतं, समोरून येण्याजाण्याएवढी वाट. उजेड इतकाच असावा की आत डोकावल्यावर कोंबडी दिसायला क्षणभर लागेल. पत्र्याच्या छपराखाली असेल तर पत्र्यावर पोतं किंवा गवत टाका. खुराड्याची जाळी अर्ध्या इंचाची हवी. एक इंचाच्या जाळीतून उंदीर आणि लहान साप आरामात आत येतात, आणि मांजराचा पंजाही पोहोचतो.

केव्हा बसवायची

इंदूरचा सगळ्यात लहान दिवस पावणेअकरा तासांच्या आसपास, जूनमधला साडेतेरा. संक्रांतीनंतर दिवस वाढू लागला की गावरान कोंबड्या अंड्यांवर येतात आणि फेब्रुवारीत खुडूक होतात. हाच सगळ्यात चांगला काळ. आपल्याकडे त्याचं सोपं गणित आहे: महाशिवरात्रीला अंडी ठेवली की रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते त्याच सुमारास पिल्लं निघतात, मधे एकवीस-बावीस दिवसच असतात. त्यापेक्षा उशीर करू नका. एप्रिल-मेची कोरडी हवा अंड्यातलं पाणी ओढून घेते आणि चाळीसच्या वर पारा गेला की कोंबडी उकाड्यानं धापा टाकत टोकनीबाहेर उभी राहते.

दुसरा काळ पावसाळा संपल्यावरचा. इथे दसऱ्याला अंडी ठेवण्याचा मोह होतो, पण दसऱ्यापासून वीस दिवसांवर लक्ष्मीपूजन. पिल्लू कवच फोडत असताना बाहेर सुतळी बॉम्ब फुटणार. घटस्थापनेलाच बसवा, दिवाळीपर्यंत पिल्लं आठवड्याची होऊन आईच्या पंखाखाली गेलेली असतात. जुलै-ऑगस्टमध्ये बसवू नये असं माझं मत. कोंबडी बसेल, पिल्लंही निघतील, पण ओल्या जमिनीवर रक्ती हगवणीनं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पटापट जातात.

बसली की नाही, हे रात्री बघा

दिवसा घरट्यात दोन तास बसली म्हणजे खुडूक झाली असं नाही, ती नुसती अंडं द्यायला बसली असेल. रात्री नऊनंतर जा. बाकीच्या दांड्यावर असताना ही टोकनीतच पसरलेली दिसली पाहिजे, पोळीसारखी चपटी. हात जवळ नेला की पिसं फुलवते, घशातून गुरगुरल्यासारखा आवाज काढते, चोचही मारते. पण उठत नाही. तळहात वर करून अलगद पोटाखाली सरकवा. पोटाची कातडी उघडी आणि हाताला चटकन जाणवेल इतकी गरम लागते, आणि ती तुमची बोटंही अंडी समजून आत ओढून घेते. सकाळी एकदाच बाहेर येते, पिसं फुगवून, खुडखुड करत, घाईघाईनं खाते, आणि एकदाच भलीमोठी घाण वासाची विष्ठा टाकते. तुरा फिका पडलेला असतो. अशा सलग तीन रात्री काढल्या की ती बसली म्हणायचं.

खरी अंडी तोवर ठेवायची नाहीत. आणि तिला दुसऱ्या जागी हलवायचं असेल तर ते याच टप्प्यावर, खोट्या अंड्यांसकट, पूर्ण अंधार पडल्यावर. दोन्ही हातांनी पंख अंगाला धरून उचला. आधी पंखाखाली एखादं अंडं अडकलं नाही ना ते बघा, नाहीतर ते वरून पडतं. नव्या जागी समोरून पोतं सोडा आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उघडू नका. दिवसा हलवलेली कोंबडी जुन्या जागीच परत पळते, हे ठरलेलं.

अंडी

कोंबडीचा पत्ता लागेपर्यंत अंडी गोळा करणं चालू हवं. एका कडकनाथ कोंबड्यामागे आठ ते दहा माद्या ठीक. कोंबडा नुकताच आणला असेल तर पहिल्या आठवड्यातली अंडी खाण्यासाठी वापरा. सात दिवसांच्या आतलीच अंडी ठेवावीत. दहा दिवस चालून जातात, त्यापुढे रोज पिल्लं निघण्याची शक्यता घटत जाते. मध्यम आकाराची, साधारण पंचेचाळीस ग्रॅमची निवडा. फार लांबट, फार गोल, पातळ किंवा खरबरीत कवचाची बाजूला काढा. मळकी नकोत, आणि धुवायची तर मुळीच नाहीत. कवचावर जन्मतः एक पातळ थर असतो, तो धुतला की जंतूंना आतली वाट मोकळी.

साठवण हा इथला खरा अडसर. अंड्याला पंधरा ते अठरा अंशांत ठेवायचं असतं. साधारण विसाच्या वर गेलं की आतला जीव अर्धवट वाढू लागतो आणि मरतो. फ्रीज फार थंड. मार्चच्या दुपारी घरात तीस अंश असतात. यावर जुना उपाय उत्तम: एक पसरट मातीचं कुंडं घ्या, त्यात दहा सेंटिमीटर वाळू, वाळूत मधोमध लहान मडकं बसवा. मडक्यात सुकं गवत, त्यात अंडी, टोकदार बाजू खाली. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी घाला, मडक्यात थेंबही जाऊ देऊ नका. तोंडावर ओलं पातळ फडकं, अंड्यांना न टेकेल असं. घरातल्या माठाच्या शेजारी, जिथे वारा लागतो पण ऊन नाही, तिथे ठेवा. चार दिवसांहून जास्त ठेवायची असतील तर रोज एकदा मडकं थोडं दुसऱ्या बाजूला कलवा.

अंडी बाहेरून, बसनं वगैरे आणली असतील तर लगेच कोंबडीखाली घालू नका. धक्क्यांनी आतली हवेची पोकळी हललेली असते. टोकदार बाजू खाली करून एक दिवस-रात्र स्वस्थ ठेवा.

किती ठेवायची? गावरान कोंबडीखाली कडकनाथची दहा-अकरा. थंडी कडक असेल तर नऊ. विषम आकडा शुभ म्हणतात. त्यात शुभ एवढंच की विषम अंडी गोल मांडली तर एखादं मधे नीट बसतं. खरी कसोटी डोळ्यांची: ती स्थिरावल्यावर बाजूनं एकही अंडं दिसता कामा नये. दोन जास्त घातली तर दोनच वाया जात नाहीत. ती अंडी फिरवत राहते, रोज वेगळी दोन बाहेर पडतात आणि एकेक करत सगळीच एकदा गारठून निघतात.

सगळी अंडी एकाच रात्री ठेवायची. प्रत्येकावर शिसपेन्सिलीनं भोवती रेघ काढा, मार्करनं नको. म्हणजे शेजारच्या कोंबडीनं आयतं घरटं बघून त्यात अंडं घातलं तर ते दुसऱ्या दिवशी ओळखून काढता येईल. अशी उशिराची अंडी राहिली तर पिल्लं निघाल्यावर कोंबडी उठते आणि त्यांतला अर्धा वाढलेला जीव जातो.

खेड्यात टोकनीत लोखंडाचा खिळा किंवा लाल मिरच्या ठेवणारे आहेत, गडगडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून. ठेवायचा तर खिळा ठेवा, नुकसान नाही. वादळात अंडी जातात ती गळक्या छपरानं आणि घाबरून उठलेल्या कोंबडीनं.

एकवीस दिवस

कोंबडीचं काम कोंबडी करते. दिवसातून कितीतरी वेळा अंडी फिरवते, मधली कडेला, कडेची मधे. आपलं काम तिला एकदा उठवण्याचं. बहुतेक स्वतः उठतात. दोन दिवस उठली नाही तर उचलून दाण्यापुढे ठेवा. दाणे अख्खे: मका, ज्वारी, थोडा गहू, मिळून पन्नास-साठ ग्रॅम, आणि भरपूर पाणी. मॅश, म्हणजे दळलेलं खाद्य, देऊ नका, विष्ठा पातळ होते आणि घरटं खराब होतं. शेजारी राखेचा नि मातीचा ढीग असू द्या, त्यात ती लोळते. दाणा-पाणी टोकनीतच ठेवण्याचा लाड करू नका. ती तिथेच घाण करते, अंड्याला ती लागते आणि जंतू आत शिरतात. पंधरा-वीस मिनिटं बाहेर राहणं ठीक, गरम दिवसात अर्धा तासही चालतो. याहून जास्त वेळ उठून राहिली म्हणून अंडी लगेच फेकू नका. तीन-चार तास गार पडलेल्यांतलीही कधीकधी तगतात. ती परत बसू द्या आणि चार दिवसांनी उजेडात बघा.

उजेडात बघणं म्हणजे सातव्या आणि चौदाव्या रात्री. पुठ्ठ्याला अंड्यापेक्षा लहान भोक, खाली मोबाइलची टॉर्च, वर अंड्याची बोथट बाजू. कडकनाथचं कवच फिकं बदामी असतं, त्यामुळे आतलं चांगलं दिसतं. सातव्या दिवशी एक काळा ठिपका आणि त्याच्याभोवती कोळ्याच्या पायांसारख्या लाल रेषा दिसल्या की जीव आहे. काहीच न दिसता नुसतं पिवळट उजळलं तर अंडं वांझ, काढा. लाल कडं दिसलं आणि आत काही नाही, म्हणजे सुरुवातीलाच मेलं, तेही काढा. अशी अंडी राहू दिली तर दोन आठवड्यांच्या उष्णतेनं त्यांत वायू भरतो आणि घरट्यात फुटतात. तो वास एकदा आला की जन्मभर लक्षात राहतो, आणि फुटलेल्याची घाण बाकीच्यांना घेऊन बुडते. चौदाव्या दिवशी अंडं जवळजवळ काळं दिसतं, वरच्या बाजूला फक्त हवेची पोकळी उजळ.

आपल्या कोरड्या हवेत पोकळीवर लक्ष ठेवा. अठरा दिवसांत अंड्याचं वजन अकरा ते तेरा टक्के घटायला हवं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पंचेचाळीस ग्रॅमचं अंडं अठराव्या दिवशी चाळीसच्या आसपास भरतं. अडतीस भरलं तर हवा फार कोरडी. टोकनीच्या भोवतालच्या जमिनीवर सकाळ-दुपार पाणी शिंपडा, बाजूच्या पोत्याला ओलं करा. टोकनीतल्या मातीच्या थराचाही फायदा इथे मिळतो, कडेनं थोडं पाणी सोडलं की ती ओल वर येते. अंड्यांवर पाणी शिंपडायचं नाही.

अठराव्या दिवसानंतर हात लावू नका. एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ पिल्लं वाचतील.

आता मधेच उठून जाणाऱ्या कोंबडीबद्दल. दोष तिच्या स्वभावाला देण्याआधी रात्री टॉर्च घेऊन टोकनीचे सांधे बघा. बांबूच्या फटीत पिठासारखी राखाडी भुकटी आणि लालसर हलणारे ठिपके दिसले तर ते रक्त पिणारे बारीक किडे आहेत. दिवसा लपतात, रात्री कोंबडीवर चढतात. ती आठ दिवस सोसते आणि मग उठते. म्हणून बसवण्याआधीच खुराड्याला चुना द्या, टोकनी कडक उन्हात तापवा. बसल्यावर कळलं तर रात्री तिला नवीन टोकनीत घ्या, अंड्यांसकट, आणि जुनी जाळा. कीटकनाशकाची पावडर अंड्यांवर पडता कामा नये. दुसरं कारण, दोन खुडूक कोंबड्या शेजारी शेजारी. त्या एकमेकींची अंडी चोरतात, एकाच टोकनीत घुसून भांडतात, आणि निम्मी फुटतात. मधे आड घाला किंवा दोघींच्या टोकन्या एकमेकींना न दिसतील अशा ठेवा.

पिल्लं

विसाव्या दिवशी कान लावला तर आतून चिवचिव ऐकू येते. एकविसाव्याला कवचाला चांदणीसारखा तडा जातो. तिथून बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागतात, आणि याच काळात माणसाचा धीर सुटतो. नखानं कवच सोलून मदत करू नका. त्या वेळेत पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं आणि कवचाच्या आतल्या रक्तवाहिन्या सुकत असतात. आधी सोललं तर रक्त जातं. त्या बलकावर ते दोन दिवस दाणापाण्याशिवाय राहतं, त्यामुळे घाई कुणालाच नाही. दहातून सात-आठ निघाली तर रवण उत्तम साधली म्हणायची. पहिलं निघाल्यावर दीड-दोन दिवसांत कोंबडी उठेल. मागे राहिलेली अंडी टाका.

कडकनाथचं पिल्लू निळसर काळं, पाठीवर वेड्यावाकड्या गडद पट्ट्यांचं. गावरान आई त्याला आपलं मानते, कारण तिनं आवाज अंड्यातूनच ऐकलेला असतो. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाजारातून आणलेली पिवळी पिल्लं तिच्यात मिसळू नका. रंग वेगळा दिसला की टोचून मारते.

पाण्याचं भांडं उथळ, त्यात गोट्या किंवा खडे घालून, नाहीतर पिल्लू बुडतं. पहिले दोन दिवस बारीक मक्याची भरड, मग वीस टक्के प्रथिनांचं चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य. आईही तेच खाईल, चालतं. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य मात्र पिल्लांना देऊ नका, त्यातलं जास्तीचं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेत रोगाची लासोटा किंवा एफ-१ लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. चौदाव्याच्या सुमारास गंबोरो रोगाची लस. चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहाव्यात देवीची लस, आठव्यात राणीखेतचीच आर-टू-बी लस. लसीची छोटी कुपीही शंभर-दोनशे डोसांची येते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. म्हणून आठ पिल्लांसाठी आणणाऱ्यानं आजूबाजूच्या दोन-तीन घरांची वेळ जुळवावी, आणि कुपी दुकानातून बर्फातच आणावी. शंका असेल तर महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारता येतं.

एक उलटा प्रश्नही येतो: अंडी ठेवायची नाहीत आणि कोंबडी उठतच नाही, तेव्हा काय? नाकात पीस खुपसणं, पाण्यात बुचकळणं हे जुने प्रकार बंद करा. चारही बाजूंनी आणि खालून जाळी असलेल्या पिंजऱ्यात, विटांवर उचलून, उजेडात तीन-चार दिवस ठेवा, दाणापाणी पूर्ण द्या. पोटाला खालून हवा लागली की अंगातला ताप उतरतो. दोन-तीन आठवड्यांनी ती पुन्हा अंड्यावर येते.

पिल्लांना आई सहा ते आठ आठवडे सांभाळते, मग स्वतःच टोचून दूर करते. तोवर कावळे-घारींपासून वर जाळी हवीच, काळी पिल्लं काळ्या मातीत दिसत नाहीत हा समज घारीला माहीत नाही. टोकनीतलं गवत आणि माती लांब टाका किंवा जाळा. रिकामी टोकनी तीन दिवस गच्चीवर उन्हात उलटी ठेवा, चुन्याचं पाणी मारा, आणि पुढच्या घटस्थापनेपर्यंत उंदीर पोहोचणार नाहीत अशी टांगून ठेवा.